प्रस्तावना : तूर, अळी आणि पीएमएसएफ

परभणी जिल्ह्यातल्या सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर या पट्ट्यातले विद्यार्थी बी.एस्सी. करून पुढे शिकायला नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात, तेव्हा पहिल्याच वर्षी त्यांची एका रसायनाशी गाठ पडते. नाव लांबलचक आहे, फिनाइलमिथाइलसल्फोनिल फ्लुओराइड. प्रयोगशाळेत सगळे त्याला पीएमएसएफ म्हणतात. पेशी फोडून त्यातले एखादे प्रथिन वेगळे काढायचे झाले की कृतीच्या कागदावर एक ओळ हमखास असते : वाटण्यापूर्वी बफरमध्ये पीएमएसएफ घालावे. विद्यार्थी ते घालतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो. ते का घातले, त्याने कुणाला अडवले आणि अडवलेले पुन्हा मोकळे होते का, हे विचारायला ना त्याला सवड असते, ना परीक्षेत त्याला कुणी ते विचारते.

ही पुस्तिका त्या शेवटच्या प्रश्नासाठी लिहिली आहे. अडवलेले विकर सुटते की कायमचे जाते? विकरांच्या अभ्यासात याहून मोलाचा प्रश्न मला दिसत नाही. प्रयोग त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो हे तर खरेच, पण फवारणी करून बांधावर कोसळलेल्या माणसाचा जीवही त्यावरच अवलंबून असतो. आपल्या भागातल्या मुलांना हा विषय परका नाही. घरात सोयाबीनची आणि तुरीची पोती असतात, गोठ्याच्या कोपऱ्यात फवारणीचा पंप असतो. तुरीचा दाणा, पंपातले औषध आणि प्रयोगशाळेतली पीएमएसएफची बाटली ही तिन्ही एकाच तऱ्हेच्या विकरांना एकाच जागी धरतात. फरक आहे तो पकडीत.

ती जागा कोणती, हे आधी पाहू. प्रथिने कापणाऱ्या विकरांना प्रोटीएज म्हणतात. आपल्या आतड्यातली ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन, रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन, बोंडअळीच्या पोटातली बहुतेक पाचक विकरे ही सगळी सेरीन प्रोटीएज या एका घराण्यातली. सेरीन हे साधे अमिनो आम्ल. कायमोट्रिप्सिनच्या एका रेणूत अशी २८ सेरीन आहेत. त्यांतली २७ आपल्या जागी स्वस्थ असतात आणि एकच, १९५ व्या क्रमांकाचे, प्रत्यक्ष कापण्याचे काम करते. ५७ व्या क्रमांकाचे हिस्टिडीन आणि १०२ व्या क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल यांच्या संगतीने या सेरीनचा ऑक्सिजन इतका उतावळा झालेला असतो, की प्रथिनातला बंध समोर आला रे आला की तो त्यावर तुटून पडतो. पीएमएसएफ नेमका याच उतावळेपणाचा फायदा घेते. त्याचा गंधकाचा अणू त्या ऑक्सिजनसमोर येतो, फ्लुओरीन निसटते, आणि गंधक व ऑक्सिजन यांच्यात पक्का बंध तयार होतो. किल्ली कुलपात घालून आतच मोडावी, तसे त्या विकराचे होते; कुलूप बाहेरून शाबूत, पण त्यात आता दुसरी कुठलीच किल्ली जात नाही. उरलेल्या २७ सेरीनना पीएमएसएफ हातही लावत नाही.

हे रसायन आले कुठून, ही हकिगत वर्गात फारशी सांगितली जात नाही, आणि ती सांगायला हवी. १९३० च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर हे रसायनशास्त्रज्ञ कीटकनाशके शोधत होते. फॉस्फरसची संयुगे करता करता १९३६ साली त्यांच्या हाती टॅबून लागले, आणि किड्यांसाठी शोधलेले ते विष लष्कराने माणसांसाठी राखून ठेवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये त्याच जातीच्या डायआयसोप्रोपिल फ्लुओरोफॉस्फेटवर, म्हणजे डीएफपीवर काम झाले. युद्ध संपल्यावर जीवरसायनशास्त्रज्ञांनी हे डीएफपी कायमोट्रिप्सिनवर घालून पाहिले. विकराच्या एका रेणूला त्याचा एकच रेणू चिकटला आणि विकर थांबले. अठ्ठावीसातले कामाचे सेरीन कोणते, हे त्या चिकटलेल्या रेणूनेच दाखवून दिले. मात्र डीएफपी हाताळणे जिवावरचे काम होते, कारण ते उडून जाणारे द्रव आहे आणि त्याची वाफही घातक. १९६३ साली फार्नी आणि गोल्ड या दोघांनी सल्फोनिल फ्लुओराइडे एस्टरेज विकरांना अशीच निकामी करतात हे दाखवले, आणि त्यातून पीएमएसएफ प्रयोगशाळांच्या फळीवर आले. ते घन आहे, पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळते, आणि डीएफपीच्या मानाने पुष्कळ सौम्य आहे.

डीएफपीच्या मानाने सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. डोळ्यांच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तराला ते भाजून काढते. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय, फ्यूम हूडमध्ये हात असल्याशिवाय बाटली उघडू नये. हे मी या पुस्तिकेत चार ठिकाणी लिहिले आहे आणि मुद्दाम लिहिले आहे.

पीएमएसएफ हाताळण्याचे शास्त्र लहान आहे, पण त्यातली एकही गोष्ट वगळून चालत नाही. त्याचा रेणुभार १७४.२. पाण्यात ते नीट विरघळत नाही आणि विरघळले तरी टिकत नाही, म्हणून साठ्याचे द्रावण आयसोप्रोपेनॉलमध्ये करतात : १७.४ मिलिग्रॅम एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे १०० मिलिमोलर. त्यातले १० मायक्रोलिटर एक मिलिलिटर बफरमध्ये घातले की १ मिलिमोलर झाले. बर्फासारख्या गार बफरमध्ये ते एकदम ओतले तर पांढरे कण तरंगताना दिसतात. ते कण म्हणजे वाया गेलेले पीएमएसएफ. म्हणून बफर ढवळत राहावे आणि थेंब थेंब सोडावे. पाण्यात पडल्या क्षणापासून त्याचा क्षय सुरू होतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर ११० मिनिटांत त्यातले निम्मे संपते, पीएच ७.५ ला ५५ मिनिटांत आणि पीएच ८ ला अवघ्या ३५ मिनिटांत. हे आकडे २५ अंशांचे आहेत. सेलूत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, वीज गेली की खोलीतले बफरही तापते, आणि मग सकाळी पीएमएसएफ घालून ठेवलेल्या बफरमध्ये दुपारी त्याचा मागमूस राहत नाही. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित प्रयोगशाळेसाठी लिहिलेली कृती आपल्याकडे जशीच्या तशी उतरवून घेतली, तर प्रथिने तुकडे होऊन निघतात आणि दोष विद्यार्थ्याच्या हाताला दिला जातो. बर्फाच्या पेटीत बसवलेली नळी आणि वाटण्याच्या अगदी आधी घातलेले पीएमएसएफ, एवढे पाळले तरी पुरते.

पीएमएसएफ सगळ्याच प्रोटीएजना थांबवत नाही, आणि त्याचा मोठा उपयोग त्यातूनच होतो. ॲस्पार्टिक जातीच्या विकरांना पेप्स्टॅटिन लागते, सिस्टीन जातीच्या विकरांना ई-६४, आणि धातूच्या आधाराने चालणाऱ्या विकरांना ईडीटीए. अळीच्या आतड्याचा अर्क घेऊन त्याच्या वेगवेगळ्या भागांत ही चारही निरोधके घालून पाहिली, तर काम कशाने थांबले यावरून आतली विकरे कोणत्या घराण्यातली हे कळते. हिरव्या बोंडअळीच्या, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेराच्या आतड्यात हा निकाल स्पष्ट येतो. तिथला पीएच दहाच्या आसपास आणि तिथली बहुतेक कामगिरी सेरीन प्रोटीएजची. या अळीला आपण हरभऱ्यावर घाटेअळी म्हणतो, तुरीवर शेंगा पोखरणारी म्हणतो, कपाशीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. शेतकऱ्याचे जे जे पीक मोंढ्यात जाते, त्या बहुतेकांवर ती आधी बसते.

आता दाण्याकडे वळू. सोयाबीन कच्चे खाऊ घातले तर उंदरांची वाढ नीट होत नाही आणि शिजवून दिले तर होते, हे ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी १९१७ साली अमेरिकेत दाखवले होते. कारण कळायला पुढे जवळजवळ तीस वर्षे गेली. १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिनला थांबवणारे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. त्यात १८१ अमिनो आम्ले आहेत. त्याच दशकात बोमन यांना सोयाबीनमध्येच आणखी एक निरोधक सापडले आणि बर्क यांनी पुढे ते शुद्ध केले. बोमन-बर्क निरोधक म्हणून ते ओळखले जाते. ते छोटे आहे, ७१ अमिनो आम्लांचे, पण त्याच्या अंगात गंधकाचे सात दुवे घट्ट विणलेले आहेत आणि ते एका बाजूने ट्रिप्सिनला तर दुसऱ्या बाजूने कायमोट्रिप्सिनला धरते. तुरीच्या दाण्यात याच बोमन-बर्क कुळातली निरोधके असतात. त्या सात दुव्यांमुळे ती उष्णतेलाही सहज दाद देत नाहीत. डाळ भिजवून, कुकरमध्ये शिट्ट्या होईपर्यंत शिजवण्यामागे चवीइतकेच हेही कारण आहे. कोंबड्यांना आणि जनावरांना घालायची सोयाबीनची पेंड कारखान्यात भाजून घेतात तीही यासाठीच. पेंड पुरेशी भाजली गेली की नाही हे तपासताना मात्र निरोधक मोजत बसत नाहीत. युरिएज हे दुसरे विकर मोजतात, कारण उष्णतेने ते निरोधकाच्याच बेताने नष्ट होते आणि त्याची चाचणी सोपी आहे.

दाण्यातले निरोधक ट्रिप्सिनला धरते, पण मोडून बसत नाही. त्याचा एक फास विकराच्या कापण्याच्या जागेत अचूक बसतो, विकर तो कापायला जाते आणि तिथेच अडकून पडते. पकड फार घट्ट असते. तरी द्रावणात आम्ल घालून पीएच तीनच्या खाली आणला की दोघे विलग होतात आणि ट्रिप्सिन पुन्हा कामाला लागू शकते. सोयाबीनचे निरोधक मण्यांवर बांधून त्यावरून शुद्ध ट्रिप्सिन उतरवून घेण्याची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. पीएमएसएफने थांबलेल्या ट्रिप्सिनला असे उतरवून घेता येत नाही. ही दोन उत्तरे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काढावीत, अशी माझी इच्छा होती. महागडी यंत्रे नसलेल्या महाविद्यालयात ते कसे जमणार, याचे उत्तर मराठवाड्यातच सापडले.

१९९४ साली, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच वर्षी, त्या विद्यापीठातल्या काचोळे यांच्या गटाने एक पद्धत प्रसिद्ध केली. जेलवर विद्युतप्रवाहाने वेगळी केलेली निरोधके एक्स-रे फिल्मवर ओळखण्याची ही पद्धत. एक्स-रे फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. बियाण्याचा अर्क जेलवर धावू द्यायचा, मग ते जेल ट्रिप्सिनच्या द्रावणात ठेवायचे आणि फिल्मवर पसरायचे. ट्रिप्सिन सगळीकडचे जिलेटिन खात सुटते. जिथे निरोधकाचा पट्टा असतो तिथे मात्र त्याचा हात थांबतो. फिल्म धुतली की निरोधकांचे पट्टे जिलेटिनच्या रूपात उभे राहतात. पुढे दोन वर्षांनी याच गटाने तुरीच्या आणि तिच्या रानटी भाऊबंदांच्या निरोधकांवर काम प्रसिद्ध केले. जगभरच्या प्रयोगशाळांनी ही पद्धत उचलली. ती इथे जन्मली, स्वस्त साहित्यावर जन्मली, आणि आपल्याच पाठ्यपुस्तकांत तिचे नाव नाही, याचा मला खेद वाटतो.

या पुस्तिकेतला पहिला प्रयोग त्या पद्धतीचे अगदी साधे रूप आहे. जेलही लागत नाही. एखाद्या दवाखान्यातली जुनी, रसायनात धुतलेली एक्स-रे फिल्म घ्या. हल्ली डिजिटल यंत्रातून निघणारे प्रिंट चालणार नाहीत. जुन्या फिल्मला दोन्ही बाजूंनी थर असतो, म्हणून एका बाजूचा थर ब्लीचच्या द्रावणाने आधी पुसून काढायचा, नाहीतर डाग अर्धवट दिसतो. तुरीची डाळ दळून बफरमध्ये दोन तास भिजवायची आणि वरचे निवळ पाणी घ्यायचे. मग तीन नळ्या लावायच्या. तिन्हींत पीएच ८ च्या बफरमधले ट्रिप्सिन. पहिलीत नुसते बफर घालायचे, दुसरीत तुरीचा अर्क, तिसरीत पीएमएसएफ. वीस मिनिटे थांबायचे. प्रत्येकातला एकेक थेंब काळ्या फिल्मवर सोडायचा, ओलसर डब्यात अर्धा तास झाकून ठेवायचा आणि कोमट पाण्याखाली फिल्म हलकेच धरायची. पहिल्या थेंबाखालचा काळा थर सुटून जातो आणि खाली काचेसारखी निळसर फिल्म दिसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या थेंबाखाली काळेपणा तसाच. पाहणाऱ्याला दुसरा आणि तिसरा डाग अगदी सारखे वाटतात, आणि हा प्रयोग मला प्रिय आहे तो यासाठीच. कारण मग विद्यार्थ्याला विचारता येते की हे दोन डाग वेगळे आहेत हे सिद्ध कसे करशील. आम्ल घालून, पुन्हा पीएच वर आणून, नवी फिल्म लावून ते सिद्ध होते. ती पुढची पायरी तिसऱ्या प्रकरणात आहे.

तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या दाण्यांत इतकी निरोधके आहेत, तर मग अळी त्यांवर पोसते कशी? या प्रश्नावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अभय हर्सूलकर आणि अशोक गिरी यांच्या गटाने बरीच वर्षे काम केले. काचोळे यांच्यासोबत तुरीच्या दाण्यांतल्या ॲमिलेज निरोधकांवर काम केलेले गिरी याच गटात होते. १९९८ साली या गटाने दाखवले, की हरभऱ्याची स्वसंरक्षणाची निरोधके घाटेअळीच्या आतड्यातल्या विकरांपुढे टिकत नाहीत. ती विकरेच त्यांना निकामी करतात. १९९९ साली त्यांनी सहा पिकांची निरोधके या अळीसमोर ठेवली. तीन पिके अशी, ज्यांवर ती नेहमी जगते : हरभरा, तूर आणि कपाशी. तीन अशी, जी तिच्या नेहमीच्या आहारात नाहीत : भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा. पहिल्या तिन्हींच्या निरोधकांना तिची विकरे बऱ्याच अंशी दाद देत नव्हती. दुसऱ्या तिन्हींनी ती चांगलीच अडवली गेली. पुढे कारल्याच्या आणि मिरचीच्या निरोधकांवरही या गटाने काम केले.

सेलूच्या शिवारात उभे राहून ही यादी वाचावी. हरभरा, तूर, कपाशी. अळीने पिढ्यान्‌पिढ्या या तीन पिकांच्या निरोधकांबरोबर घालवल्या आहेत. जे निरोधक तिच्या रोजच्या जेवणात आहे, त्याला चुकवणारी विकरे तिच्या पोटात तयार आहेत. एक विकर अडले की ती दुसरे स्रवते, आणि काही विकरे निरोधकालाच कापून खातात. सुटणारी पकड असली की समोरच्याला सुटण्याची वाटही सापडते, हे अळीने रसायनशास्त्रज्ञाच्या आधी शोधून ठेवले आहे. म्हणून १९९९ च्या त्या कामाचा निष्कर्षही एकाच निरोधकावर विसंबू नका, ती पाळीपाळीने वापरा, असाच होता. बीटी कपाशी २००२ साली आली आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने तिला वाकवले, तो प्रथिनाचा प्रकार वेगळा; पण एकाच शस्त्रावर सारा भरवसा ठेवण्याची चूक तीच. वनस्पतींच्या निरोधकांवर आधारलेले वाण आपल्या शेतकऱ्याच्या हाती आलेले नाहीत. तोवर तो पंप उचलतो.

पंपाविषयी मला सविस्तर लिहिणे भाग आहे. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, क्विनॉलफॉस, क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस ही नावे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. ही सगळी श्राडर यांच्या संयुगांच्या कुळातली, म्हणजे डीएफपीची आणि म्हणून पीएमएसएफची भावकी. यांचे लक्ष्य ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर. त्याच्याही मध्यभागी तसेच एक उतावळे सेरीन आहे. मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप गेला की तो निरोप पुसून टाकण्याचे काम हे विकर करते. ते थांबले की निरोप पुसलाच जात नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, डोळ्यांतून पाणी येते, पोटात पिळा पडतो, स्नायू फुरफुरू लागतात, नाडी मंदावते, छातीत पाणी साचून श्वास कोंडतो. कपाशीत फवारून आलेला माणूस असा झाला की घरचे पुष्कळदा ऊन लागले म्हणून त्याला झाडाखाली निजवतात. बाहुल्या पाहा. टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर झाडाखाली थांबू नका. अंगावरचे कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि औषधाचा डबा सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा.

डबा सोबत का घ्यायचा, याचे उत्तर याच पुस्तिकेच्या विषयात आहे. डब्यात कार्बामेट गटातले औषध असेल तर विकरावरची पकड तासांच्या हिशोबात आपोआप सुटते. ते फॉस्फरसचे असेल तर आपोआप सुटायला फार वेळ लागतो, आणि दरम्यान आणखी एक गोष्ट घडते. सेरीनला चिकटलेल्या रेणूतला एक गट गळून पडतो आणि बंध कायमचा होतो. तो गळण्याआधी पॅम, म्हणजे प्रालिडॉक्झिम, पोहोचले तर ते फॉस्फरसला सेरीनवरून उचलून काढू शकते. गळल्यानंतर पॅमचा उपयोग उरत नाही. यासाठी किती वेळ मिळतो, हे औषधावर ठरते. मोनोक्रोटोफॉस आणि डायमेथोएट यांच्या बाबतीत अडकलेल्या विकरांपैकी निम्मी साधारण चार तासांत हाताबाहेर जातात. क्लोरपायरिफॉस आणि क्विनॉलफॉस यांच्या बाबतीत त्याला एक दिवसाहून अधिक लागतो. सेलूपासून आत, दुधनेच्या काठच्या एखाद्या वस्तीवरून दवाखान्यात यायला लागणारा वेळ या चार तासांतूनच वजा होतो. ॲट्रोपिन दवाखान्यात लगेच सुरू करतात आणि जीव वाचवण्यात त्याचाच वाटा मोठा असतो. ते विकराला मात्र सोडवत नाही. साचलेल्या निरोपांना ग्रंथींपर्यंत आणि हृदयापर्यंत पोहोचू देत नाही, एवढेच.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दवाखान्यांत दाखल झाले आणि वीसच्या आसपास माणसे गेली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती, आणि फवारा अंगावरच येत होता. कृषी सेवा केंद्रातून घेतलेल्या डब्यावरच्या चौकोनातला त्रिकोण लाल असेल तर आतले विष सर्वांत तीव्र, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. एवढे मजुराला वाचता यावे, यासाठी इंग्रजी येण्याची गरज नाही. ही पुस्तिका वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या डब्यांवरचे त्रिकोण तपासावेत, आणि प्रत्येक डब्यातले औषध कोणत्या गटातले हे वहीत लिहावे. पाचव्या प्रकरणात त्यासाठी तक्ता दिला आहे.

याच विकराला अडवून माणसे वाचवताही येतात, हेही आपल्याकडे रोज घडते. नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या खाली पडू लागल्या की सर्पविषाच्या उताऱ्याबरोबर निओस्टिग्मिन देतात. निओस्टिग्मिन हे ॲसिटिलकोलिनएस्टरेजचे निरोधकच, पण काही वेळाने सुटणारे. ते सुटते म्हणूनच ते औषध आहे, आणि त्यासोबत ॲट्रोपिन देतात ते ग्रंथी आणि हृदय सांभाळण्यासाठी. चौथ्या प्रकरणात कार्बामेट आणि निओस्टिग्मिन शेजारी शेजारी ठेवले आहेत ते याच कारणाने.

पुस्तिका मराठीत आहे आणि पारिभाषिक शब्दांबाबत मी हट्ट धरलेला नाही. विकर, निरोधक, प्रथिन हे शब्द शाळेपासून माहीत असतात म्हणून ते ठेवले. बफर, जेल, पीएच हे जसे बोलले जातात तसेच घेतले. समीकरणे शेवटच्या प्रकरणात आहेत. ती आधी आणली असती तर अनेकांनी पुस्तिका तिथेच मिटली असती, आणि फिल्मवरचा डाग एकदा पाहिला की समीकरण समजून घेण्याची ओढ आपोआप लागते. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्ही विषयांच्या शिक्षकांनी ही पुस्तिका एकत्र वापरावी असे मला वाटते. तीन वेगळ्या खोल्यांत हा विषय तीन तुकड्यांत शिकवला जातो आणि कुठेच पुरा होत नाही.

प्रयोगासाठी तूर कोणती घ्यायची, याबद्दल एक सूचना. बाजारातली पॉलिश केलेली डाळ घेऊ नका, तिचा वाण कळत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे आणि त्याच्या बदनापूर केंद्राचे वाण आपल्या भागात पेरले जातात : बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३, बीडीएन ७११, बीडीएन ७१६. जानेवारीत तूर खळ्यावर आली की प्रत्येक वाणाची मूठभर तूर वेगळ्या पुडीत ठेवा आणि पुडीवर गाव, वाण आणि पेरणीची तारीख लिहा. सारख्या वजनाचा अर्क, सारखे ट्रिप्सिन, एकच फिल्म. कोणत्या वाणाचा अर्क किती पातळ केला तरी डाग काळा राहतो, ते नोंदवा. मग त्याच शेतांत अळीने किती शेंगा पोखरल्या होत्या ते शेतकऱ्याला विचारून शेजारच्या रकान्यात लिहा. या दोन रकान्यांचा एकमेकांशी संबंध निघतो की नाही, हे शोधायला परभणी जिल्ह्यातल्या एका वर्गाचे एक वर्ष पुरेसे आहे.